ओढ्यापलीकडची माती

मला त्या घरात खुंटा म्हणून आणलं होतं. हे मी रागानं म्हणत नाही. माझ्या तोंडावर सांगितलं होतं तसंच सांगते. त्या घरचा थोरला मुलगा विलायतेला शिकायला निघाला होता, आणि तिकडं गेलेली पोरं मडम घेऊन येतात असं बारामतीच्या बाजारात जो तो छातीठोक सांगत होता. त्यावर उपाय एकच. जाण्याआधी लग्न उरकून टाकायचं. खुंटा ठाऊक असलेलं जनावर कितीही लांब चरायला गेलं तरी घराकडं वळतं, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या. खुंट्याला काय वाटतं, हे कुणी विचारायचा प्रश्नच नव्हता. मी पंधरा वर्षांची होते, इंदापूरकडच्या कोरडवाहू गावातली, आणि बोलणी झाल्यापासून हळद लागेपर्यंत मला पुरते नऊ दिवसही मिळाले नाहीत.

हल्ली नातवंडं परदेशात शिकण्याचे फायदे-तोटे यावर तावातावानं वाद घालतात. मी गप्प बसून ऐकते. माझ्यापाशी दोन्ही आहेत, पण ते वेगवेगळे काढून दाखवता येत नाहीत. महायुद्ध पेटायच्या आधीच्या चार-पाच वर्षांतली ही गोष्ट आहे.

सासर बारामतीपासून कोस-दीड कोसावर, कालव्याच्या पाण्यावरचं. माझ्या माहेरी पाणी म्हणजे मोटेचं, तेही विहीर देईल तेवढं. इथं पाट भरून वाहायचा आणि लोक पाण्यात पाय बुडवून गप्पा मारायचे. मला आधी ते पापच वाटलं. घरात सासरे, त्यांना सगळं गाव आबा म्हणे. सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणे. आणि नऊ वर्षांची एक नणंद, जिच्या नाकाला शेंबूड असला तरी मला तिला वन्सं म्हणावं लागे. ती मात्र गावच्या शाळेत जात होती. मला अक्षर येत नव्हतं.

आणि हे. पुण्याच्या शेतकीच्या कॉलेजातून पास होऊन आलेले, शिष्यवृत्ती मिळालेले. लग्न ज्येष्ठात झालं आणि बोट भाद्रपदात होती. मधल्या दिवसांत कागदपत्रांसाठी पुण्याच्या खेपा. आम्ही एकमेकांशी बोललो असू ते मोजून पाच-सहा वेळा. एकदा त्यांनी विचारलं, तुमच्या गावाला ज्वारी कशी येते, जमीन किती खोल, भेगा केवढ्या पडतात. मी हातानं दाखवलं, एवढ्या. ते हसले नाहीत, नीट ऐकून घेतलं. माझं बोलणं कुणी असं ऐकून घ्यायची ती पहिलीच वेळ. तेवढ्यावर मी त्यांच्यावर जीव टाकला. पंधराव्या वर्षी काय लागतं!

त्या घरात एक रीत होती. लांब जाणाऱ्याबरोबर घरच्या रानातली मूठभर माती द्यायची. यांचे एक चुलते मागच्या लढाईत बसऱ्याला गेले होते. माती घेऊन गेले आणि धडधाकट परत आले. त्याच गावचे दुसरे दोघे माती न घेता गेले, ते आलेच नाहीत. यापुढं कोण काय बोलणार? माती घरच्या सुनेनं आणायची, तीही खालच्या रानातली. खालचं रान म्हणजे कालव्याखालचं आठ एकर काळं, घराचा सगळा डौल त्यावर. पुंड्या ऊस तिथंच, आणि गुऱ्हाळही तिथंच लागायचं.

निघायच्या दिवशी पहाटे मला कावळा शिवला. सांगितलं असतं तर चार दिवस परसातल्या खोपीत बसावं लागलं असतं, आणि गाडी दुपारची होती. मी सांगितलं नाही. मला त्यांना जाताना बघायचं होतं. ओवाळायचं होतं. एवढी मोठी चोरी मी त्याआधी केली नव्हती.

न्याहारी झाल्यावर आत्याबाईंनी खणाचा तुकडा हातात दिला. "जा, खालच्या रानातली माती आन. पायात काय घालू नगं."

मी बांधापर्यंत गेले. ऊस छातीएवढा, हिरवागार. माझा पाय उचलेना. आमच्याकडं असल्या दिवसांत बाई पानमळ्याच्या वाऱ्यालासुद्धा जायची नाही. गेली तर वेल करपतात. उसाचं काय होतं मला ठाऊक नव्हतं, पण ज्या रानावर घर जगतं त्या रानात मी तसल्या अवस्थेत शिरणार नव्हते. आता हसू येतं आणि संतापही येतो. पण तेव्हा मी कुणाचं वाईट करू बघत नव्हते, उलट जपत होते.

ओढ्याच्या पलीकडं घरचाच एक जिरायत तुकडा होता. रब्बीच्या ज्वारीचा. पेरणी व्हायची होती, रान उघडं पडलेलं. पीकच नाही तर विटाळ लागणार कशाला? मी ओढा ओलांडला. माती तीच, काळीभोर, बोटांना चिकटणारी. माझ्या माहेरची असते तशी. मूठभर घेतली, खणात गाठ मारली आणि धावत घरी आले. आत्याबाईंनी ती पुरचुंडी देवापुढं ठेवली, कुंकू लावलं, आणि यांनी ती ट्रंकेत कपड्यांच्या तळाशी ठेवली. मी ओवाळलं. गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघितलं. संध्याकाळी मग अडचण झाल्याचं सांगून खोपीत जाऊन बसले आणि पोटभर रडले.

पत्रं यायला लागली. बोटीचं टपाल, लिहिल्यापासून तीन आठवडे. वन्सं वाचून दाखवायची, मोठ्या आवाजात, शाळेत कविता म्हणावी तशी. तिकडं ऊन पडलं की लोक एकमेकांना बातमी दिल्यासारखं सांगतात. भाकरीची आठवण येते. दिवाळीत एकटाच होतो, सकाळी उठून तेल लावलं आणि थंड पाण्यानं अंघोळ केली. एकदा दोन महिने पत्र नाही. मग कळलं की छातीत कफ होऊन ते पंधरा दिवस दवाखान्यात होते, पाणी द्यायला घरचं माणूस नाही. बरे झाल्यावरच कळवलं. आत्याबाईंनी त्या दिवशी चूल पेटवली नाही. जे पंधरा दिवस उलटून गेले होते त्यांच्यासाठी त्या आता जागत होत्या.

मी कुढत बसले नाही. वन्संच्या मागं लागले, मला वाचायला शिकवा. गोठ्यामागं बसून तिनं मला तिच्या पाटीवर बाराखडी शिकवली. चुकलं की डोक्यात टपली मारायची, नणंदच ती! "वैनी, तुमचा र बैलाच्या शिंगावानी दिसतुया." वर्षाच्या आत मी त्यांचं पत्र स्वतः वाचलं. विलायतेच्या शिक्षणाचा मला झालेला पहिला फायदा तो. तोपर्यंत वन्सं गावची चौथी पास होऊन बारामतीच्या मुलींच्या शाळेत जायला लागली होती. यांनीच पत्रातून आबांना गळ घातली होती. तिला सातवीची फायनल परीक्षा देऊन मास्तरीण व्हायचं होतं. गुरांनासुद्धा ती "हजेरी द्या" म्हणायची.

आबांचाही भाव वाढला होता. बाजारात लोक जागा करून द्यायचे. पत्र आलं की ते गुऱ्हाळावर चारचौघांत वाचलं जायचं. "पोरगा मातीचंच शिकतोय," आबा सांगायचे. "तिकडं माती बाटलीत घालून बोलती करत्यात."

दुसऱ्या वर्षी खालच्या रानात पाटाच्या अंगाला पांढरं दिसायला लागलं. आधी पीठ सांडल्यासारखं. मग पाणी दिलं की जाई आणि सुकलं की दुप्पट वर येई. मीठ फुटलं होतं. आजूबाजूच्या रानांतही तेच. शेजारचे म्हातारे शेतकरी, ज्यांना सगळे तात्या म्हणत, ते बांधावर येऊन बसले. "आबा, पानी लई झालं. खालून चर खणू, दोन वर्सं ऊस बंद करू. नायतर रान जातंय बगा."

आबा ऐकणारे होते. दोन दिवस विचार केला, कुदळ-खोरी काढली, चार गडी सांगितले. मग म्हणाले, "घरात विलायतेचा इद्वान आसताना तात्याच्या सांगन्यावर खड्डं कशाला? पोराला इचारू." पत्र वन्संनं लिहिलं.

उत्तर यायला दोन महिने लागले. ते पत्र मला अजून तोंडपाठ आहे. "आईने बांधून दिलेली माती इथल्या प्रयोगशाळेत तपासली. तिच्यात मीठ नाही. निचरा उत्तम आहे. इथल्या गुरुजींनीही मातीचे कौतुक केले. वर दिसते ते पांढरे शेजारच्या रानातून वाहून आलेले असावे. पाण्याला भिऊ नका. चर खणण्यात उसाची जागा घालवू नका."

गुऱ्हाळावर पंधरा-वीस माणसं होती. वन्सं खणखणीत आवाजात वाचत होती आणि मी ताकाचा तांब्या घेऊन उभी होते. ज्या मातीला कधी कालव्याचं पाणी लागलं नव्हतं, तिच्यात मीठ कुठून असणार? आबांनी मांडीवर थाप मारली. "ऐका तात्या! बोलली का न्हाय माती?"

तेव्हाच बोलायला हवं होतं. चार शब्दांचं काम होतं. पण पहिल्या चार शब्दांमागून पुढचे यायला लागले असते. ओढ्यापलीकडं का गेलीस? आणि त्याचं उत्तर मी आत्याबाईंना तरी कोणत्या तोंडानं देणार होते? त्याच विटाळात देवापुढच्या पुरचुंडीला हात लावला होता, ओवाळलं होतं, आणि वर्षाच्या आत ते तिकडं मरता मरता वाचले होते. सगळं माझ्यावर आलं असतं. मी मनाला समजावलं की काळी ती काळी, ओढ्याच्या अलीकडची काय नि पलीकडची काय. इतकं मला स्वतःला फसवता आलं, याचीच मला लाज वाटते.

कुदळ-खोरी पुन्हा माळ्यावर गेली. पाणी वाढवलं. तात्यांनी मात्र आपल्या रानात चर खणले, ऊस काढून ज्वारी पेरली. लोक त्यांना हसले. त्याच हंगामाच्या शेवटी आमचा गूळ काळपट पडला. त्याच्या पुढच्या वर्षी ढेप धरेना, चवीला खारट लागू लागला. बाजारात लोक चिमूट तोंडात टाकून आबांकडं बघायचे आणि काही न बोलता पुढं जायचे. मग ऊस गुडघ्याच्या वर येईना. शेवटी शेवटी तर बेणं जागेवरच कुजलं. आठ एकर रानावर नुसती पांढरी साय, आणि चालताना पायाखाली पापडासारखं मोडायचं. तात्यांच्या रानात तोवर पुन्हा ऊस उभा होता.

आबा हे काहीच विलायतेला कळवू द्यायचे नाहीत. "त्याचा अभ्यास मोडंल. आला की तोच बगंल." आम्हाला त्यांचं आजारपण उशिरा कळलं आणि त्यांना आमचं.

चौथ्या वर्षी ते आले. बारामतीच्या स्टेशनावर हार घालायला माणसं होती, ताशा होता. मडम नव्हती. खुंट्यानं आपलं काम केलं होतं. आत्याबाई रडत होत्या, सगळं गाव हसत होतं, आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. गाल बसलेले, केस विरळ, बोलताना मराठी शब्दासाठी क्षणभर थांबायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालून ते खालच्या रानात गेले. आबा मागं, मी न्याहारी घेऊन त्यांच्याही मागं. ते बांधावर थांबले. मग खाली बसले, खपली उचलली, जिभेला लावली. कुदळ मागितली आणि कमरेइतका खड्डा स्वतः खणला. तळाला पाणी लागलं. वर येऊन म्हणाले, "आबा, माझं चुकलं."

आबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "साडेतीन वर्सं शिकलास न्हवं?" आणि घराकडं चालू लागले. त्या सोमवारी वन्सं दप्तर घेऊन निघाली तर आबांनी तिला दारात अडवलं. "घरात एक शिकला, त्येवढं पुरं झालं. शेनगोठ्याला लाग." फायनलला एकच वर्ष उरलं होतं. तिनं त्यांच्याशी वाद घातला नाही. दप्तर खुंटीला अडकवलं आणि शेणाची पाटी घ्यायला गेली. आपल्या भावानं सांगितलेलं खोटं निघालं, यावर तिचा आबांइतकाच विश्वास बसला होता.

यांनी रानातलं मीठ धुवून काढायचा, चर खणायचा विषय काढला की आबा उठून जायचे. यांच्याशी ते दोन शब्दांवर तिसरा बोलेनात. महिन्याभरात सरकारी शेतकी खात्यात नोकरीची चिठ्ठी आली, लांब खानदेशात, आणि मला बरोबर न्यायचं ठरलं. मी रोज ठरवत होते, आज सांगू. ते माडीवर एकटे कंदील लावून वह्या चाळत बसायचे आणि मी जिन्यावरून परत फिरायची. त्यांना एकट्यांना सांगून वन्संची शाळा सुरू होणार नव्हती. आबांना कळायला हवं होतं.

निघायच्या दिवशी गाडी जुंपलेली, सगळे अंगणात. आत्याबाईंनी सवयीनं खणाचा तुकडा काढला. "माती आन गं."

आबा ओसरीवरून म्हणाले, "माती कशाला? आनखी कायतरी तपासून सांगंल त्यो."

यांनी मान खाली घातली. गावातली दहा माणसं बघत होती. आमच्यात सुनेनं सासऱ्यापुढं सरळ बोलायची रीत नव्हती; काही सांगायचं तर सासूमार्फत. मी पदर ओढला आणि बोलले. "आबा, त्यांनी खोटं न्हाय सांगितलं. ती माती खालच्या रानातली न्हवतीच. म्या आनली व्हती. ओढ्यापल्याडच्या ज्वारीच्या रानातली व्हती ती."

आबांनी माझ्याकडं बघितलं, चार वर्षांत पहिल्यांदाच सरळ. "ओढ्यापल्याड? खालचं रान दारात आसताना?"

"व्हय."

"कशापायी?"

मला उत्तर येत होतं. दहा पुरुषांपुढं, सासऱ्यापुढं, ते तोंडातून कसं काढायचं हे येत नव्हतं. मी उभी राहिले. पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिले. आबांचा चेहरा मऊ झाला. तो मऊ झालेला चेहरा मी आयुष्यभर विसरले नाही. "ऱ्हाऊ दे पोरी," ते म्हणाले. "नवऱ्याचं झाकतीस. चांगलं हाय. पर आसलं खोटं बोलू नगं."

आत्याबाईंनी पुढं येऊन माझ्या गालावरून हात फिरवला आणि बोटं कानशिलावर मोडली. "बाई आशी आसावी," त्या शेजारणींना म्हणाल्या. शेजारणींनी माना डोलावल्या. आयुष्यात एकदाच खरं बोलले आणि त्याबद्दल सगळ्या गावानं माझं कौतुक केलं, खोटं बोलले म्हणून.

गाडीत बसताना वन्सं आली. तिनं आपली लिहायची पाटी माझ्या मांडीवर ठेवली. "तुमचा र अजून नीट येत न्हाय," म्हणाली आणि गोठ्याकडं वळली.

गाव मागं पडलं तेव्हा यांनी विचारलं, "खरं होतं ते?"

"व्हय." मग मी सगळं सांगितलं, कावळा शिवल्यापासून. गाडीवान पुढं होता, म्हणून हळू आवाजात. वाटलं, आता खाली उतरवतील. ते पाटाकडं बघत होते.

"तिथं पहिल्याच वर्षी शिकवतात," ते म्हणाले. "एका मुठीवरून रानाचं सांगू नये. दहा जागची माती घ्यावी, कमरेइतकं खणून घ्यावी. परीक्षेत लिहिलं होतं मी हे."

"मग?"

"मग काय. दवाखान्यातून आल्यापासून ती पुरचुंडी माझ्या उशाशी होती. घरची माती होती ना. तिच्यात काही वाईट असेल असं मला वाटलंच नाही."

गाडी स्टेशनाला लागली. त्यांनी नोकरीत नाव कमावलं. परक्या लोकांची कितीतरी रानं मिठातून वर काढली. मला गाव सुटलं, स्वतंत्र घर मिळालं, मुलं शिकली. हे सगळं त्या शिक्षणाचंच, आणि खालचं रान गेलं म्हणूनच. आबांनी खालच्या रानात यांना शेवटपर्यंत कुदळ लावू दिली नाही. तिथं पुढं बाभळी उगवल्या.

पोचल्याचं पत्र मी स्वतः लिहिलं, वन्संच्या नावानं. आयुष्यातलं माझं पहिलं पत्र. त्यात विचारलं, आबांचा राग निवळला असेल तर पाटी पाठवून देऊ का? उत्तर दीड महिन्यानं आलं. इंदापूरकडच्या एका घरात तिचं लग्न ठरल्याचं आबांनी दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं कार्ड होतं ते. त्याच्या खाली, उरलेल्या जागेत, तिच्या वळणदार अक्षरात दोन ओळी होत्या: "वहिनी, तुमचा र आता चांगला येतो. पाटी तुमच्याकडेच राहू द्या, इथे कोणाला लागत नाही."